हंसाचं डबकं

८ जून
खालची आळी

शैलेश,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर मन झालं तर. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. जिवली रोज केळव्याला सुपारीच्या वाडीत कामाला जाते, तुझ्या दारावरूनच तिची वाट आहे. तिच्या हातात सुके बोंबील आणि हे पत्र दिलंय. बोंबील तिचे, पत्र तुझं. उलट झालं तर बोंबील खाऊन टाक, पण पत्र तिच्याकडून मागून घे.

तुझी ‘हिमानी’ काल बागेत आणून ठेवली. यंदा समुद्राने किनारा इतका खाल्लाय की होड्या ओढून ठेवायला जागाच राहिली नाही. जी राहिली तिथे बंधाऱ्याचे दगड येऊन पडलेत. पंचांनी ठरवलं, पावसाळाभर गावातल्या नऊ होड्या खालच्या आळीतल्या आम्हा बायकांच्या बागेत ठेवायच्या. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार, होड्या डोक्यावर घेऊन बसायचं? ‘हिमानी’ सगळ्यात शेवटी आली, म्हणून तिला आत जागा मिळाली नाही. ती अगदी बागेच्या तोंडाशी उभी आहे, जिथून आळीचं पाणी आत शिरतं तिथे.

तू नारळ पाठवलास, तो दामूकाकांनी फोडला. ते मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, आपले चुलते, सगळं खरं. पण होडी निजवायला मालकाने यायचं असतं. हळदकुंकू लावून, तिच्या पाठीवर हात ठेवून, आता नारळीपुनवेपर्यंत नीज म्हणायचं असतं. एकदा निजवली की मालकाशिवाय तिला कोणी हात लावत नाही, हे तुला मी सांगावं असं नाही. स्वतःच्या लेकीचं नाव दिलेली होडी, आणि तू नारळ टेम्पोवाल्याच्या हाती पाठवतोस.

असो. मुद्दा हा की बागेत पाणी येणार. ते यावं म्हणूनच ती खोल केलीय. होडीला पुढून मागून लांब दोर लावून करंजाच्या खोडांना बांधलं की पाणी आल्यावर ती जागच्या जागी उचलेल आणि ओसरल्यावर परत बसेल. तो दोर तुझ्या हातचा हवा. एका दुपारचं काम आहे, येऊन जा. माझ्याकडे चहा प्यायलाच पाहिजे असं काही नाही.

हंसा


१९ जून

शैलेश,

पत्र मिळालं ना? जिवलीला विचारलं तर म्हणाली, “दादा वाचतो, घडी घालतो न खिशात ठेवतो. बोलत काय नाय.” म्हणजे वाचता तरी येतंय अजून.

इकडे भानगड झालीय. मंगळवारी मी सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात गेले होते. संध्याकाळी येते तर बागेच्या तोंडाला मुरुमाचा बांध. शेजारच्या पाम गावातून जेसीबी मागवून दामूकाकांनी एका दिवसात घातला आणि वर वाळूच्या गोण्या रचल्या. मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाले, “होड्या तरंगल्या तं एकमेकीवर आदळतील. नऊ घरांची रोजी हाय ती. आळीत पानी आलं तं दोन दिसांनी सुकेल. होडी फुटली तं कोन देनार?”

एक क्षण मलाही वाटलं, म्हातारा चुकीचं काय बोलतोय. मग मी खालच्या आळीत राहते हे मला आठवलं.

तू ही बाग कधी चालताना पाहिली नाहीस, पहिल्या पावसाळ्याच्या आतच निघून गेलास. म्हणून सांगते, कंटाळा न करता वाच. भरती आली की खाडीवरच्या उघाडीची, त्या पाणदाराची, झापं पाण्याच्या रेट्याने मिटतात, म्हणून खारं पाणी गावात शिरत नाही. पण मग गावातलं पाणीही बाहेर जात नाही. पाऊस काही भरती-ओहोटी बघून पडत नाही. ओहोटी लागून झापं उघडेपर्यंत त्या पाण्याला कुठेतरी बसायला जागा लागते. पूर्वी ते वरच्या भातशेतांत बसायचं. आता शेतं भरून तिथे गाळे आणि गोदामं उभी राहिली, त्यांच्या पत्र्यांवरचं पाणीसुद्धा आपल्याच दारात येतं. आम्ही बायकांनी वाळवणीची जागा खणून खोल केली, मधोमध लव्हाळा आणि वाळा लावला, कडेचे जुने करंज आणि भेंडीची झाडं राखली. आळीचं पाणी तिथे जाऊन बसायला लागलं. थोडं मातीत मुरायचं, उरलेलं ओहोटीला चरातून खाडीत जायचं. जाताना तू ‘हंसाचं डबकं’ म्हणाला होतास. त्या डबक्याने तीन पावसाळे खालच्या आळीचे उंबरे कोरडे ठेवले. आता त्याचंच तोंड बांधलंय.

कालच्या सरीत पाणी शेजारीण चंद्रकांताच्या ओट्याला लागलं. तिच्या नवऱ्याला अर्धांगाने अंथरुणाला खिळवलंय, त्याचा पलंग आम्ही विटांवर चढवला. आमच्याकडे काही नाही, आमचा ओटा उंच आहे. मी आणि माझी पोर सपना सध्या माळ्यावर झोपतो, खाली फार उकडतं.

काका म्हणतात, सगळे मालक तयार झाले तर बांध काढतो. तेवढा एक शब्द तू जिवलीकडे दे. हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो.

हंसा


२ जुलै

शैलेश,

मौन म्हणजे होकार असं लोक म्हणतात. दामूकाका म्हणत नाहीत.

मी दारोदार फिरले. होडीवाल्यांच्या बायकांना धरलं, त्यांनी नवऱ्यांना धरलं. एकेक करून सगळे कबूल झाले. दोर आणून स्वतःच्या होड्या करंजांना बांधूनही मोकळे झाले. शेवटी काकांनीही आपली बांधली, तोंड वाकडं करत. राहिली ‘हिमानी’. आणि बांध नेमका तिच्या नाकासमोर. तो फोडला की पाण्याचा पहिला लोंढा तिच्यावर येणार.

मी म्हटलं, मी बांधते तिला, माझ्या भावाची होडी आहे. काका म्हणाले, “तू लगीन होऊन खालच्या आळीला गेलीस. निजलेल्या होडीला माहेरवाशिणीचा हात चालत नाय. उद्या तिला दर्यात काय झालं तं शैलेश माझ्या दारात येल.” मी म्हटलं, पाणी माझ्या दारात येतंय त्याचं काय. तर म्हणाले, “तुझ्या घरात कुठं हाय पानी? तूच सांगतेस ओटा उंच हाय म्हनून.” माझंच बोलणं माझ्यावर उलटलं.

लोक तुझं-माझं भांडण अजून चघळतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी ते वेगळं असतं. माझ्यापुरतं एकदा लिहून टाकते. आज बाग आहे त्या जागेवर तू बोंबील वाळवायला सिमेंटचा ओटा मंजूर करून आणणार होतास. त्यासाठी वर्षभर कोळगावच्या जिल्हा कचेरीत खेपा घातल्यास, हे मला ठाऊक होतं. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, सिमेंट केलंत तर पाणी आमच्या चुलीत येईल. बायकांनी हात वर केले, तू हरलास. ते मी आजही तसंच करीन. पण तू गाव सोडशील असं मला वाटलं नव्हतं. सोडलंस ते सोडलंस, माझ्याशी बोलणं तरी ठेवायचं होतंस. भांडायला का होईना.

दोर मी विकत आणून ठेवलाय. चांगला जाड आहे. ये.

हंसा


१४ जुलै

शैलेश,

काल मी केळव्याला आले होते. तुला कळलं नाही.

येण्याचं कारण सांगते. परवा चंद्रकांताच्या खोल्यांत भाड्याने राहणारे कारखान्यातले कामगार रात्रपाळीहून आले तर आत गुडघाभर पाणी. त्यातल्या एकाने भिंतीला हात लावला आणि शॉक बसून मागे फेकला गेला. वाचला. सकाळी तो मला म्हणाला, “दीदी, आप लोग कहते थे यहाँ पानी नहीं भरता.” त्याला काय सांगू? की भरत नव्हतं, माझ्या भावाने एक शब्द दिला नाही म्हणून भरतंय?

म्हणून चीड येऊन निघाले. वाटेत सगळं पाठ केलं होतं, तुला काय काय ऐकवायचं ते. तुझ्या दाराशी ‘घरगुती मासळी जेवण’ असा फलक दिसला. पडवीत मुंबईचे पाहुणे बसले होते आणि तू त्यांना वाढत होतास. हसत होतास. समुद्रावर वाऱ्याला शिव्या देणारा माझा भाऊ कोणाला तरी म्हणत होता, ‘अजून थोडा रस्सा घ्या ना.’ मी फाटकाबाहेरच थांबले.

तुझ्या उत्कर्षाने मला पाहिलं. ती फाटकाशी आली. म्हणाली, “ताई, आता नका. पावण्यांसमोर नका.” मी म्हटलं, मग कधी? तिने माझा हात धरला. म्हणाली, “तुमची पत्रं ते उशीखाली ठेवतात. पन मला म्हनाले, ज्या बागेनं मला गावाबाहेर काढलं, त्या बागेसाठी माझी होडी मागते. काय बोलू मी?”

मी तशीच परतले. शैलेश, तुला असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होते तू हट्टाने बसलायस. हट्ट असता तर मी तुला पुरून उरले असते. हे दुखणं आहे, आणि त्याच्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

आता माझंही ऐक. माळ्यावर झोपतो ते उकाड्याचं खोटं होतं. पत्र्याखाली माळ्यावर कोण उकाड्याला झोपतं, तुला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याकडे जूनपासून तीनदा पाणी आलं. तांदूळ गेला, सपनाची कॉलेजची पुस्तकं गेली, भिंत पोटापर्यंत काळी पडलीय. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बघ, काय उपयोग झाला तुझ्या डबक्याचा. आणि ते ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती.

होडीला काही झालं तर मी भरून देईन असं म्हणत नाही, माझ्याकडे काय आहे? एवढंच म्हणते की ती बांधायला तू ये. तुझ्या हाताने बांधलेली होडी हलत नाही, हे अख्खं गाव जाणतं.

हंसा


२२ जुलै

शैलेश,

जिवली सांगते, तू पत्र वाचून बराच वेळ वाडीत बसलास. पाहुणे हाका मारत होते, तू उठला नाहीस. पण तिच्याकडे निरोप काही दिला नाहीस.

परवा अमावास्या. तिच्या दुसऱ्या दिवशी उधाण सगळ्यात मोठं, भर दुपारी. आणि सपनाच्या मोबाइलवर जिल्ह्याला लाल इशारा आलाय, तीन दिवस अतिवृष्टी म्हणून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. उघाडी बंद असणार, वरून पाऊस, गोदामांचं पाणी, सगळं एकाच वेळी आळीत. चंद्रकांताच्या नवऱ्याला दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर तो माणूस डोळ्यांतून पाणी काढतो. त्याला उचललं की दुखतं. तो म्हणतो, मला हितंच राहू द्या.

मी काकांना शेवटचं विचारलं. म्हणाले, “शैलेश आला तं फोड. त्याचा निरोप आला तरी फोड. त्याच्या पाठीमागं मी फोडनार नाय.” वाईट माणूस नाही तो. त्याने होड्या फुटलेल्या पाहिल्यात, होडी फुटल्यावर घर कसं बसतं तेही पाहिलंय. पण त्याचं घर टेकाडावर आहे.

मी भ्यायलेय, शैलेश. हे मी सपनालाही सांगितलेलं नाही. दिवसभर तिच्यासमोर मी मोठमोठ्याने भांडी घासते.

मोटारसायकलने एक तास लागतो. नाहीतर जिवलीला फक्त मान हलवून दाखव. ती तेवढं मला सांगेल.

हंसा


२७ जुलै

शैलेश,

अक्षर सपनाचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. मला लिहायचा कंटाळा आलाय.

तुझी होडी मी बांधली आणि बांध मी फोडला. दोन्ही माझ्या हाताने, दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नकोस.

शुक्रवारी पहाटेपासून पाऊस धरून होता. जिवली आदल्या दिवशी येऊन गेली होती, म्हणाली, “दादा घरात नव्हता.” दुपारच्या आधीच उघाडीची झापं मिटली आणि पाणी चढायला लागलं. आळीत मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. चंद्रकांता ओरडत आली, पलंगाच्या विटा वाहून गेल्या म्हणून. आम्ही चौघींनी तिच्या नवऱ्याला जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबलाच्या फळीला पाणी टेकलं होतं. त्याला मानसुद्धा वर धरता येत नाही.

मी फावडं घेतलं आणि निघाले, आळीतल्या बायका मागोमाग. बांधावर दामूकाका उभे होते, डोक्यावर गोणपाट घेऊन. बाकीचे मालक आपापल्या होडीपाशी, दोर धरून. काका म्हणाले, “हंसा, मालक आला नाय.” मी म्हटलं, नाही आला. आणि मी ‘हिमानी’वर हात ठेवला. निजलेल्या होडीला काय सांगायचं असतं ते मला ठाऊक नाही, आपल्याकडे बायकांना कोण शिकवतं? मी म्हटलं, बाय, ऊठ जरा, आमच्या घरात माणूस बुडतोय. मागचा दोर एका करंजाला बांधला. पुढचा दोर दुसऱ्या करंजापर्यंत पुरेना. मी आणलेला दोर आखूड निघाला. माझीच चूक, जाड बघितला, लांब बघितला नाही. मग पुढचं टोक मीच धरलं आणि बायकांना म्हटलं, आता फोडा.

पहिलं फावडं दोर धरण्याआधी मी मारलं होतं, बाकीचं त्यांनी. गोण्या सरकल्या आणि आळी जशी काही वाट बघत होती तशी आत घुसली. पाणी तुझ्या होडीवर आदळलं. ती उचलली गेली, फिरली, तिची उजवी बाजू कुंपणाच्या भिंतीवर आपटली. एक फळी फुटली, लांबलचक. आवाज झाला तेव्हा मला वाटलं, संपलं. दोर ताणला गेला. खोल्यांतले ते कामगार पाण्यातून धावत आले, “दीदी, छोड़ दो” म्हणत. मी सोडला नाही. त्यांनी मागून दोर धरला. मग काकाही आले, गोणपाट टाकून. सगळ्यांनी मिळून ती थोपवली.

आळीतलं पाणी बघता बघता उतरलं. टेबलाच्या पायांवर आलं, मग ओट्याखाली गेलं. बाग भरली, होड्या आपापल्या दोरांवर शांत डोलत होत्या. ओहोटी लागली तशी झापं उघडली आणि संध्याकाळपर्यंत चराने सगळं खाडीत गेलं. चंद्रकांताचा नवरा जिवंत आहे. त्याने पेज मागितली.

काकांनी काल उरलेला बांध स्वतः उभं राहून काढून टाकला. माझ्याशी बोलले नाहीत.

फळी फुटली त्याबद्दल तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. परवानगीवाचून हात लावला त्याबद्दलही म्हण. मी माफी मागत नाही, पण ऐकून घेईन. यापुढे पत्र लिहिणार नाही.

हंसा

शैलेशमामा, हे आईला न विचारता लिहितेय, ती समोर डोळे मिटून पडलीय. तिला कंटाळा आलेला नाही. दोर पुरत नव्हता म्हणून तिने तो हाताला गुंडाळला होता. सोडला नाही म्हणते ते खरं आहे, पण सोडता येतही नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं मोडलीत, तळव्याचं कातडं निघालं. पालघरला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं पुन्हा वळतील की नाही सांगता येत नाही. ती मासळी कापून कमावते, मामा. तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय. सपना.


६ ऑगस्ट

शैलेश,

लिहिणार नाही म्हटलं होतं, ते मागे घेते. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे. सपनाला आता माझ्या पत्रांपासून लांब ठेवलंय. पोरीच्या पोटात काही राहत नाही, आणि ते बरंच झालं.

काल तू आलास. मी माळ्याच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर मोटारसायकल लावलीस आणि आळीतून चालत बागेकडे गेलास. ‘हिमानी’भोवती फिरलास. फुटलेल्या फळीत बोटं घालून बघितलीस. मग वाकून तिच्या पोटाला डोकं टेकलंस. तेवढं बघून मी खिडकीतून बाजूला झाले, ते माझ्या बघण्यासारखं नव्हतं.

परत बघितलं तर तू दामूकाकांशी बोलत होतास. मग तू आला त्याच वाटेने गेलास. माझ्या दारासमोरून गेलास. थांबलास, मला वाटलं थांबलास, आणि गेलास. मी हाक मारली नाही. तू आत आला नाहीस आणि मी हाक मारली नाही, आपल्या दोघांना एकाच आईने वाढवलंय हे त्यावरून कळतं.

शैलेश, काल सकाळपासून पाऊस होता. तू आलास तेव्हा भरती होती, उघाडी बंद होती. आणि तू आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायात चपला घालून गेलास. पँट दुमडली नाहीस. चंद्रकांताच्या ओट्यासमोर पोरं गोट्या खेळत होती, त्यांना वळसा घालून गेलास. तुझ्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही. ते सगळं पाणी तेव्हा तुझ्या होडीखाली बसलेलं होतं.

संध्याकाळी काका घरी आले. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “त्यानं फळीचं काय विचारलं नाय. एकच विचारलं, तिचा कुठला हात?” मी म्हटलं, तुम्ही काय सांगितलंत? म्हणाले, “उजवा म्हनलो. तं रडला. उभ्या उभ्या. मी तिकडं बघितलं नाय.”

ते तू मला विचारायचं होतंस. दार उघडंच होतं.

आता हिशेबाचं बोलणं पुरे. फळी बदलायला सुतार हवा, तो तू आण, तुझ्या होडीचं तुला कळतं. पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या उठवायच्या आहेत, तुझी पाण्यात जाणार नाही, पण उठवायला तर हवी. या वेळी नारळ टेम्पोवाल्याकडे देऊ नकोस.

आणि त्याच दिवशी राखी. तीन वर्षं मी पाठवली नाही, यंदाही पाठवणार नाही. हवी असेल तर मनगट घेऊन ये. माझा एकच हात चालतो, आणि एका हाताने गाठ बसत नाही, काल रात्रभर खाटेच्या दांड्याला बांधून बघितलं. दुसरं टोक तुला धरावं लागेल.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई